दिवेलागणीपूर्वीचा मुक्काम

परदेशाचा प्रवास ठरला की आपल्या समाजातील कुटुंबांत हॉटेलच्या निवडीवर महिना-महिना खल चालतो. बालीला किंवा जावा बेटावरील जोगजाकार्ताला जायचे असेल, तर खोली मंदिरांपासून किती अंतरावर आहे, न्याहारीला काय मिळते, जवळपास शाकाहारी भोजनालय आहे का, तेथे सूर्य किती वाजता मावळतो, या एकेका गोष्टीची बारकाईने चौकशी होते. तेच कुटुंब पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या बारामतीला किंवा त्यापुढच्या इंदापूरला निघाले, की "तिथे काय, मिळेल ती खोली घेऊ" असे म्हणून गाडीत बसते. मग संध्याकाळी साडेपाच वाजता गाडी कुठेतरी महामार्गावर असते, सूर्य क्षितिजाला टेकू लागतो, खोली अजून ठरलेली नसते आणि जिचा चौविहार आहे ती घरातली ज्येष्ठ स्त्री शांतपणे म्हणते, "माझी काळजी करू नका, मला भूकच नाही." तिला भूक असते. ती उपाशी निजते, आणि सहलीच्या छायाचित्रांत ही गोष्ट कोठेच दिसत नाही.

वास्तविक हॉटेलच्या निवडीची दक्षता परदेशापेक्षा या परिसरात अधिक घ्यावी लागते. जेथे पर्यटन हाच मुख्य व्यवसाय आहे, तेथे पाहुण्यांच्या नाना तऱ्हांची सवय झालेली असते. बारामती आणि इंदापूर हे तालुके मुळात शेतीचे, साखरेचे आणि कारखानदारीचे. तेथील बहुतेक हॉटेले कामासाठी येणाऱ्या माणसांकरिता उभी राहिली, यात्रेकरूंसाठी नव्हे. म्हणून पाहण्याजोगे पुष्कळ आणि उतरण्याजोगे मोजके, अशी येथील स्थिती आहे. अशा ठिकाणी मुक्काम खोलीच्या दरावरून ठरवू नये. दिवस कोठे मावळणार, हे आधी ठरवावे. मुक्काम त्यावरून आपोआप ठरतो.

तीन नद्यांचा प्रदेश

कऱ्हा, नीरा आणि भीमा या तीन नद्यांनी हा मुलूख घडविला आहे. अष्टविनायकांतील पहिला मानला जाणारा मोरगावचा मयूरेश्वर कऱ्हेच्या काठी असून तो बारामती तालुक्यातच येतो. बारामती शहरही कऱ्हेकाठचेच. पंडित कवी मोरोपंत (१७२९–१७९४) मूळचे पन्हाळ्याचे. परंतु बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते बारामतीस आले आणि अखेरपर्यंत येथेच राहिले. आर्या या वृत्ताला त्यांनी मराठीत जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती या गावातील वास्तव्यात. रामकथा एकशे आठ प्रकारे सांगणाऱ्या या कवीचे गाव म्हणून आणि काशीविश्वेश्वराच्या पुरातन मंदिरासाठी बारामतीत निदान एक सकाळ राखून ठेवावी.

इंदापूर पुण्यापासून सुमारे १४० किलोमीटरवर, सोलापूर महामार्गावर आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांना याच परिसरातील लढाईत वीरमरण आले. गावातील मालोजीराजांची गढी आणि चाँदशावली बाबांचा दर्गा ही दोन्ही स्थळे एकाच फेरीत पाहता येतात. तालुक्याच्या आग्नेय टोकाला नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नीरा-नरसिंहपूरचे लक्ष्मी-नृसिंह मंदिर आहे. उत्तरेला उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी असून त्याच्या पाण्याखाली भीमाकाठची अनेक गावे गेली. पळसदेवचे हेमाडपंती शिवालय त्यांतलेच एक. एरवी ते पाण्यात असते; पाणी खूप खाली गेलेल्या उन्हाळ्यात मात्र त्याचे दगडी शरीर उघडे पडते आणि जुन्या गावची माणसे तेथे दर्शनाला जातात.

या परिसरात जैन व्यापारी कुटुंबांचा जिव्हाळ्याचा एक थांबा आहे, तो म्हणजे वालचंदनगर. सोलापूरच्या दिगंबर जैन व्यापारी घराण्यात २३ नोव्हेंबर १८८२ रोजी जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशी यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत भारतीयांसाठी वाट काढली. १९१९ मध्ये सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना स्थापन झाला. या दोहोंच्या दरम्यान, १९३०च्या दशकात, इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर त्यांनी ऊस लावला, साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वसाहत उभारली. आज तेथील अभियांत्रिकी कारखान्यात इस्रोच्या प्रक्षेपकांचे भागही तयार होतात. परवानगीवाचून कारखान्यात प्रवेश मिळत नाही; पण ज्या मुलांना व्यापार म्हणजे दुकानाचा गल्ला एवढेच ठाऊक आहे, त्यांना ही वसाहत बाहेरूनही खूप काही सांगते.

नीरा ओलांडली की आणखी दोन स्थळे जवळ येतात. बारामतीहून सुमारे ३० किलोमीटरवर, सातारा जिल्ह्यात, अनेक जिनमंदिरांचे फलटण आहे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात नातेपुत्यानजीक दहिगाव हे दिगंबर अतिशय क्षेत्र आहे. भगवान महावीरांचे मंदिर आणि मराठी जैन कवी ब्रह्म महतिसागर यांची समाधी यांमुळे ते महाराष्ट्रभर ओळखले जाते.

उतरण्याच्या जागांचे प्रकार

मध्यम दराच्या जागा या परिसरात साधारण पाच प्रकारच्या आढळतात.

पहिला प्रकार बारामती शहरातील आणि औद्योगिक वसाहतीच्या बाजूच्या हॉटेलांचा. वाहनांपासून चॉकलेटपर्यंत अनेक वस्तूंचे मोठे कारखाने येथे आहेत. त्यांच्याकडे येणारे अभियंते, लेखापरीक्षक, विक्रेते हे या हॉटेलांचे नेहमीचे गिऱ्हाईक. त्यामुळे खोल्या स्वच्छ, लिफ्ट चालू, वाहनतळ ऐसपैस आणि बिल चोख असते. कामाच्या दिवसांपेक्षा शनिवार-रविवारी दरात घासाघीस करण्यास येथे अधिक वाव असतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. उणीव एवढीच, की येथील स्वयंपाकघर ज्याचे जेवण रात्री नऊला होते अशा माणसाच्या सवयीने चालते.

दुसरा प्रकार एसटी स्थानकाजवळच्या लॉजचा. दर कमी, पण जिना चढून दुसऱ्या मजल्यावर जायचे, आणि न्याहारी बाहेर करायची. तरुण मंडळींना चालण्यासारखे, वृद्धांना नव्हे.

तिसरा प्रकार महामार्गावरच्या हॉटेलांचा. भिगवण आणि इंदापूरच्या दरम्यान अशी हॉटेले पुष्कळ आहेत. येथे पाटीवरील 'फॅमिली' हा शब्द वाचून थांबू नये. त्याच इमारतीत परमिट रूम आहे का, हे विचारून घ्यावे. खोलीची खिडकी महामार्गाकडे उघडत असेल, तर रात्रभर मालमोटारींचा आवाज सोबतीला असतो. मागच्या बाजूची खोली मागावी, ती बहुधा त्याच दरात मिळते.

चौथा प्रकार कृषी पर्यटन केंद्रांचा. बारामती तालुक्यातील पळशीवाडी येथे २००५ साली असे केंद्र सुरू झाले. पुढे राज्यभर ही कल्पना पसरली आणि २०२० साली महाराष्ट्र शासनाने तिच्यासाठी स्वतंत्र धोरण केले. खोल्या साध्या, अंगण मोठे, दरात जेवणखाण धरलेले, असा येथील रिवाज.

पाचवा प्रकार धर्मशाळांचा आणि भक्तनिवासांचा. दहिगावसारख्या क्षेत्रावर उतरणाऱ्याला भोजनाच्या वेळेची चिंता करावी लागत नाही. तेथले घड्याळच वेगळे असते. मात्र येथे खोली हा हक्क नसून सोय आहे, याचे भान ठेवावे. उत्सवाच्या दिवसांत आणि साधुसंतांचे वास्तव्य असताना आधी कळविल्याखेरीज जाऊ नये.

सूर्यास्ताचा हिशेब

डिसेंबरच्या आरंभी बारामतीत सूर्य सहाच्या आतच मावळतो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यास्त सव्वासहाच्या पुढेमागे, तर मार्चच्या मध्यावर पावणेसातच्या आसपास होतो. सहलीचे दिवस नेमके हेच. याउलट, हॉटेलांचे स्वयंपाकघर दुपारचे जेवण आटोपून साधारण साडेतीनला थंडावते आणि रात्रीच्या जेवणासाठी सातनंतर जागे होते. म्हणजे ज्या वेळी श्रावकाला जेवायचे असते, त्याच वेळी आचारी विश्रांती घेत असतो. रात्रिभोजनत्याग करणाऱ्या कुटुंबाची खरी अडचण पदार्थांची नाही, या दीड-दोन तासांची आहे.

यावर उपाय एकच: खोली नोंदवतानाच स्वयंपाकघराशी बोलावे. स्वागतकक्षातील तरुण "हो साहेब, सगळं मिळेल" असे म्हणतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. पण पाच वाजता शेगडी पेटवायची की नाही, हे त्याच्या हाती नसते. व्यवस्थापकाला किंवा मुख्य आचाऱ्याला थेट विचारावे, "सव्वापाचला सहा माणसांचे साधे जेवण ताटात पडेल का? मूगडाळ, भात, फुलके आणि एक फळभाजी?" पदार्थ मोजके आणि ठरलेले असले की होकार मिळणे सोपे जाते. पन्नास पदार्थांच्या यादीतून वेळेवर निवड करू पाहणाऱ्या कुटुंबाला पाच वाजता कोणीच वाढत नाही.

सकाळचा हिशेब मात्र येथे अनुकूल आहे. भिगवणजवळचे कुंभारगाव, डिकसळ या गावांतून उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी, चित्रबलाक, पट्टकादंब हंस पाहण्यासाठी होड्या निघतात. उत्तम वेळ सूर्योदयाची. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो आणि नवकारशीचा काळ त्यानंतर ४८ मिनिटांनी, म्हणजे आठच्या सुमारास येतो. होडीची फेरी तोवर बहुतेक आटोपते. ज्याला इतर प्रवासी उपाशीपोटी निघणे म्हणतात, ते नवकारशी पाळणाऱ्याचे नित्याचेच वेळापत्रक आहे. पाण्यावर थंडी बोचरी असते; ज्येष्ठांसाठी कानटोपी आणि शाल बरोबर ठेवावी.

एक गोष्ट आधी चौकशी करण्याजोगी आहे. रोहित पक्ष्याला उथळ पाणी आणि चिखल लागतो. धरण काठोकाठ भरलेले असेल, तर कडेची दलदल उघडी पडत नाही आणि पक्षी उशिरा येतात किंवा दूर उतरतात. चांगल्या पावसाच्या वर्षी डिसेंबरची घाई न करता फेब्रुवारी-मार्च धरावा. पक्ष्यांसाठी खोली नोंदविण्यापूर्वी होडीवाल्याला पाण्याची पातळी विचारावी.

'जैन' या शब्दाचा अर्थ

जेवणाच्या यादीत 'जैन' असा शब्द पुष्कळ ठिकाणी छापलेला दिसतो. त्याचा अर्थ मात्र जागोजागी बदलतो. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ कांदा-लसूण नाही, एवढाच. बटाटा, गाजर, बीट, मुळा, ओले आले यांबद्दल वेगळे सांगावे लागते. रश्शाचे वाटण सकाळीच करून ठेवलेले असते आणि त्यात कांदा असतोच. तेव्हा 'कांदा वगळून द्या' असे म्हणण्याऐवजी ज्या पदार्थाला वाटणच लागत नाही असा पदार्थ मागावा. तव्याविषयी आणि तळणीच्या तेलाविषयीही विचारावे. मिश्राहारी स्वयंपाकघरात भाजी वेगळी शिजली, तरी तळण एकाच कढईत होण्याचा संभव असतो. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी शुद्ध शाकाहारी पाटीचेच ठिकाण शोधावे आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे मागे यावे लागले तरी यावे.

हा प्रश्न भिगवणला विशेष उद्भवतो. उजनीच्या पाण्यामुळे भिगवणची मासळी महाराष्ट्रात प्रसिद्ध झाली आणि महामार्गावरची अनेक हॉटेले तिच्यासाठीच ओळखली जातात. पक्षी दाखवणाऱ्या गावांतील घरगुती मुक्कामाच्या जागाही पुष्कळदा मच्छीमार कुटुंबांच्या आहेत. तेथे उतरून त्यांच्या चुलीवर आपल्या नियमांचा आग्रह धरणे हे त्यांनाही अवघड आणि पाहुण्यालाही. नाक मुरडून निघून जाणे मात्र त्याहून वाईट. नदीकाठच्या जमिनी पाण्याखाली गेल्यानंतर पाणी हेच या काठच्या अनेक घरांचे पोट झाले. त्याच माणसाने आज होडीत जाळ्याऐवजी दुर्बीण ठेवली आणि पक्ष्यांची नावे मुलांना शिकवली, तर त्याच्या घरी येणारा तो पैसा जीव न दुखावता आलेला असतो. म्हणून होडी त्याची घ्यावी, ठरलेले भाडे घासाघीस न करता द्यावे, रोहितांच्या थव्यावर होडी घालण्याचा हट्ट धरू नये. मुक्काम आणि भोजन मात्र बारामतीत ठेवावे. भिगवण ते बारामती हे अंतर तीसेक किलोमीटरचे आहे. नियमही राहतो आणि माणुसकीही.

कृषी पर्यटन केंद्रात वेगळी स्थिती असते. तेथील ठेचा, पिठले, वांग्याचे भरीत यांत लसूण-कांदा सढळ असतो. परंतु स्वयंपाक पाहुण्यांच्या संख्येनुसार ताजा केला जातो, त्यामुळे दोन दिवस आधी सांगितले तर तो बदलणे सोपे असते. शेतावरचे जेवणही उजेडात, अंगणात होऊ शकते. ज्वारी-बाजरीची भाकरी, दुधी-दोडक्याची भाजी, मुगाची आमटी, ताक एवढे सांगून ठेवावे. स्वयंपाक करणारी घरची बाई पुष्कळदा कुतूहलाने विचारते, "बटाटाबी नाही?" तिला नीट समजावून सांगितले की पुढच्या जैन पाहुण्याची वाट सोपी होते.

खर्च, बिल आणि कर

मध्यम दर म्हणजे किती, याची प्रत्येक घराची व्याख्या निराळी. करकायद्याने मात्र एक रेषा आखलेली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो; त्यापूर्वी तो १२ टक्के होता. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर १८ टक्के लागतात. म्हणजे कमी झालेल्या कराचा लाभ नेमका मध्यम दराच्या खोलीला मिळाला आहे. दर ठरवताना 'करासह की कराविना' हे विचारून घ्यावे. नोंदणीकृत धर्मादाय विश्वस्त संस्थेने धर्मस्थळाच्या आवारात सर्वांसाठी चालविलेल्या, दिवसाला हजार रुपयांहून कमी भाड्याच्या खोलीवर कर नाही. तेथे पावती मात्र अवश्य घ्यावी. कौटुंबिक सहलीचे बिल पेढीच्या नावावर मागण्याचा मोह टाळावा. खासगी उपभोगाच्या खर्चावर कराची वजावट मिळत नाही आणि हिशेबाच्या वहीत चुकीची नोंद मागे राहते.

खोलीचा दर हा खर्चाचा एक भाग झाला. तीनशे रुपये वाचविण्यासाठी जेथे सूर्यास्तापूर्वी जेवण मिळत नाही अशी खोली घेतली, तर बाहेर जेवणाच्या शोधात त्याहून अधिक खर्च होतो आणि मनःस्ताप वेगळा. खोली पाहताना आणखी चार गोष्टी तपासाव्यात. तळमजला किंवा चालू लिफ्ट, गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमोड, पहाटे मिळणारे गरम पाणी आणि पाणी उकळून देण्याची किंवा खोलीत उकळण्याची सोय. चालक बरोबर असेल तर त्याच्या निजण्याची आणि जेवणाची व्यवस्था आधी ठरवावी. पहाटे पाचला ज्याने गाडी काढायची, त्याने रात्र गाडीतच काढावी हे शोभणारे नाही, आणि सुरक्षितही नाही.

तीन मुक्काम, तीन आखण्या

दोन दिवसांच्या सहलीसाठी बारामती हेच केंद्र सोयीचे. पहिल्या दिवशी पुण्याहून निघून मोरगाव, तेथून दुपारपर्यंत बारामती, ज्येष्ठांची विश्रांती, चारनंतर कऱ्हाकाठचा जुना भाग पाहून सव्वापाचला भोजन. दुसऱ्या पहाटे भिगवणचे पक्षी आणि तेथूनच महामार्गाने परतीची वाट. या आखणीत सूर्यास्ताच्या वेळी गाडी रस्त्यावर नसते, हीच तिची किंमत.

तीन दिवस हाताशी असतील, तर दुसरा मुक्काम दहिगावला करावा. बारामतीहून सकाळी वालचंदनगर, तेथून नीरा ओलांडून दुपारनंतर दहिगाव. भोजन, दर्शन, सायंकाळची आरती आणि शांत रात्र. तिसऱ्या दिवशी फलटणची जिनमंदिरे करून घरी.

ज्यांना इतिहासाची आणि संगमाची ओढ आहे, त्यांनी इंदापूरला उतरावे: सकाळी मालोजीराजांचे स्थान, दुपारपूर्वी नीरा-नरसिंहपूर, परतताना निमगाव केतकीचे पानमळे. येथे संध्याकाळच्या भोजनाची सोय आधी न झाल्यास घरची शिदोरी उपयोगी पडते. दशम्या, खाकरे, मेथीचे ठेपले, मुगाचे लाडू हे पदार्थ आपल्या आज्या-पणज्यांनी अशाच संध्याकाळींसाठी योजलेले आहेत. त्यांत कमीपणा मानू नये.

आषाढाच्या पहिल्या पंधरवड्याच्या सुमारास मात्र या वाटेवर खोलीची अपेक्षा धरू नये. संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर या मार्गाने सराटीकडे जाते. बेलवाडी आणि इंदापूर येथील रिंगणांना लोटणारा समुदाय पाहिला, की गावातील प्रत्येक ओटा हाच एक मुक्काम झालेला दिसतो. त्या दिवसांत रस्ते वळवलेले असतात आणि हॉटेले भरलेली. वारी पाहायचीच असेल, तर सकाळी येऊन उजेडी परतावे. आषाढी एकादशीनंतर तीनच दिवसांनी आपला चातुर्मास सुरू होतो. बहुतेक घरांतील प्रवास तसाही तेथे थांबतो.

पेठेतील बंद दारे

आरंभी जोगजाकार्ताचा उल्लेख आला. त्या शहरापासून बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप वायव्येला सुमारे ४० किलोमीटरवर आणि प्रंबाननची हिंदू मंदिरे पूर्वेला सुमारे १७ किलोमीटरवर आहेत. प्रवासी मधोमध शहरात उतरतात आणि दोन्ही बाजूंना जाऊन येतात. बारामतीचे स्थान काहीसे तसेच आहे. जोगजाकार्ताच्या दक्षिण भागात प्राविरोतामान नावाची एक पेठ मध्यम दराच्या हॉटेलांसाठी प्रसिद्ध आहे. ही घरे मुळात बाटिक कापडाचा धंदा करणाऱ्या कुटुंबांची. १९७०च्या सुमारास तो धंदा बसला, तेव्हा अनेकांनी घर विकले नाही. कापड रंगवण्याच्या जागेचे अंगण केले, कोठारांच्या खोल्या केल्या आणि पाहुण्यांना उतरवून घेण्यास आरंभ केला. पेढी बदलली, घर राहिले.

तालुक्याच्या गावांतील जुन्या व्यापारी पेठांतून फिरले, की खाली दुकान आणि वर कुलूप अशी घरे ठिकठिकाणी दिसतात. पुढची पिढी पुण्या-मुंबईला गेलेली असते, वरच्या मजल्यावर भांड्यांच्या पेट्या आणि दिवाळीपुरता झाडला जाणारा दिवाणखाना असतो. दरवर्षी घरपट्टी भरली जाते आणि छप्पर थोडे अधिक खचते. दुसरीकडे, बाहेरगावचे जैन कुटुंब त्याच गावात पाच वाजता पेटणारी चूल शोधत फिरत असते. चार स्वच्छ खोल्या, गाळलेले आणि उकळलेले पाणी, कंदमुळाविना स्वयंपाक आणि सूर्यास्तापूर्वी वाढलेले ताट, एवढ्या भांडवलावर चालणारा हा व्यवसाय आहे. त्यासाठी लागणारे परवाने, अग्निसुरक्षा, पोलिसांकडील नोंद आणि कर यांची पूर्तता व्यापारी घराला अवघड नाही. साधर्मिकांची सोय होईल, ती फुकटही नसेल. रास्त दर घेऊन केलेली सेवा अधिक काळ टिकते.

तोवर प्रवाशाने आपल्याकडून एवढे करावे. खोली नोंदवताना खोलीच्या आधी स्वयंपाकघराची चौकशी करावी, आणि घरातील सर्वांत वयस्क माणसाला सहलीपूर्वी विचारावे की त्यांना संध्याकाळी किती वाजता आणि काय चालेल. त्या उत्तरावरून गाव ठरवावे, गावावरून हॉटेल. दर शेवटी पाहिला तरी चालतो.